आजीचा अंगठा, आईची सही आणि नोटरीचा कागद: यातलं कोर्टात काय टिकेल?

बोरीकाठ_पारोळा

नमस्कार. लांबलचक लिहितोय पण पूर्ण वाचा प्लीज, घरात विचारण्यासारखं कोणी नाही.

आमचं गाव पारोळा तालुक्यात, बोरीकाठचं. वडील २०१४ ला कॅन्सरने गेले, मी तेव्हा १३ चा आणि बहीण ८ ची. आजोबा त्याच्या दोन वर्षं आधीच गेले होते. आजोबांची ६ एकर जमीन काकाच बघतात (आम्ही त्यांना नाना म्हणतो), आम्ही मधेमधे कापूस वेचायला जायचो तेवढाच काय तो संबंध. वाटलं होतं जमीन सामाईक आहे, मोठा झालो की बघू.

या दिवाळीला साफसफाई करताना आजीच्या पत्र्याच्या पेटीत लुगड्यांखाली कापसाच्या बियाण्याची एक पिशवी सापडली, तिच्यात तीन कागदांच्या झेरॉक्स.

पहिला २०१५ चा, १०० रुपयांच्या स्टॅम्पवर, वर ठळक अक्षरात "हक्कसोड लेख". आजोबांच्या जमिनीतला आमचा तिघांचा हिस्सा नानांना सोडून दिला असं त्यात लिहिलंय. आईची सही आहे, आणि माझं नि बहिणीचं नाव लिहून पुढे "अ.पा.क. आई" (म्हणजे अज्ञान पालनकर्ती) आणि परत तिचीच सही. खाली नोटरीचा मोठा लाल शिक्का, तिकिटं. सब रजिस्ट्रारचा शिक्का किंवा दस्त नंबर कुठेच नाही. पण याच कागदावर फेरफार झालाय आणि सातबाऱ्यावरून आमची नावं गेलीत.

दुसरा २०१६ चं खरेदीखत, हे मात्र रजिस्टर आहे. वडिलांनी स्वतःच्या पैशाने घेतलेलं दीड एकर आईने बांधाशेजारच्या शेतकऱ्याला विकलं, स्वतःसाठी आणि आम्हा दोघांची पालक म्हणून. हे मला माहीत होतं, दवाखान्याचं देणं होतं म्हणून विकलं असं आई सांगते. कोर्टाची परवानगी वगैरे काही घेतलेली नाही.

तिसरा बघून तर हातपाय गार पडले. २०२१ चं रजिस्टर बक्षीसपत्र, आजीने तिचा हिस्सा नानांना बक्षीस दिला. आजीला विचारलं तर ती म्हणते, "माले तं सांगं, कर्जना कागद शे, आंगठा लाई दे माय." ती ८२ वर्षांची आहे, लिहितावाचता येत नाही पण डोकं एकदम शाबूत, कोणत्या वर्षी कोणती बैलजोडी होती ते आजही सांगते.

मी आता २५ चा, बहीण येत्या डिसेंबरात २१ पूर्ण करेल. मला एवढंच कळून घ्यायचंय की यातल्या कोणत्या कागदाची खोट मुळातच आहे, म्हणजे तो कागद कधी उभाच राहू शकत नाही, आणि कोणता कागद खोट असूनही चालून जाईल?

शेतकरी_भाऊ_७७

नोटरी झाली म्हणजे पक्कं काम असतं भाऊ, सरकारी शिक्का असतो तो. आणि आता १० वर्षं होऊन गेली, १२ झाले की तसंही सगळं संपतं. भाऊबंदकीत पडू नको, कोर्टात चपला झिजतात.

वकील_धुळे

वरच्या भाऊंनी काळजीपोटी लिहिलंय, पण दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत आणि अशाच समजुतीने आपल्याकडे कित्येक लोक गप्प बसून राहिले म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नोटरी फक्त इतकंच सांगतो की अमुक माणसाने माझ्यासमोर सही केली. त्या सहीने जमिनीचा हक्क इकडून तिकडे जातो की नाही याच्याशी त्याच्या शिक्क्याचा काही संबंध नाही. नोंदणी कायदा १९०८, कलम १७ बघा, १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीतला हक्क देणारा किंवा सोडणारा दस्त नोंदवलाच पाहिजे, आणि नाही नोंदवला तर कलम ४९ म्हणतं की त्या कागदाने मिळकतीवर काहीच परिणाम होत नाही. म्हणजे २०१५ च्या त्या लेखाने तुमचा हिस्सा तुमच्या घरातून बाहेर गेलाच नाही. फेरफार झाला म्हणून घाबरू नका, फेरफार ही सारा कोणाकडून घ्यायचा याची नोंद आहे, तिने मालकी मिळतही नाही आणि जातही नाही, हे सुप्रीम कोर्टाने किती वेळा सांगितलंय. त्या नोंदीविरुद्ध प्रांतांकडे अपील करता येतं, उशीर झाला त्याच्या माफीचा अर्ज सोबत द्यावा लागेल.

पण एक गोष्ट आत्ताच्या आत्ता तपासा. समोरचा वकील म्हणेल की हा हक्कसोड नाहीच, घरात आधी तोंडी वाटणी झाली होती आणि त्याची ही नुसती याद आहे, आणि यादीला नोंदणी लागत नाही. तोंडी वाटणीची याद असेल तर खरंच लागत नाही. म्हणून त्या लेखातलं क्रियापद वाचा. "आज रोजी या लेखाने सोडत आहे" असं आहे का "यापूर्वीच सोडलेला आहे" असं आहे? एका शब्दावर अख्खा दावा फिरलेला मी पाहिलाय.

आता बहिणीचं. हे सगळ्यात तातडीचं आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात कलम ८ आहे, त्याप्रमाणे नैसर्गिक पालकाला, मग ती आई का असेना, अज्ञान म्हणजे १८ वर्षांखालच्या मुलाची स्थावर मिळकत कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. विकली तर तो व्यवहार शून्य होत नाही, तर त्या मुलाच्या इच्छेवर रद्द होण्याजोगा होतो. हा फरक नीट समजून घ्या कारण सगळं यावरच आहे. अज्ञान मुलाने स्वतः सही करून करार केला असता तर १९०३ च्या मोहरी बीबी प्रकरणापासून कायदा स्पष्ट आहे, तो करार मुळातच शून्य. पण पालकाने विनापरवानगी विकलं तर मूल सज्ञान झाल्यावर त्याने पुढे येऊन सांगावं लागतं की मला हे मान्य नाही, आणि त्याला मुदत कायद्याच्या अनुच्छेद ६० खाली १८ पूर्ण झाल्यापासून ३ वर्षं मिळतात. तुमची ३ वर्षं गेली. बहिणीची तिच्या २१ व्या वाढदिवसाला जातात. दीड एकरात आजी, आई, तुम्ही आणि ती असे चार वारस, तिचा चौथा हिस्सा अजून जिवंत आहे.

आजीच्या कागदाबद्दल रात्री लिहितो, कोर्टाची वेळ झाली.

जुना_दस्तलेखक_शिरपूर

मी ३४ वर्षं सब रजिस्ट्रार कचेरीबाहेर टेबल टाकून दस्त लिहिलेत, आता डोळ्यांमुळे बंद केलं. वकील साहेबांनी बरोबर सांगितलंय, मी टेबलाच्या बाजूने थोडं सांगतो.

लोक घाबरतात नको त्या गोष्टीला. गट नंबर ११८ चा ८११ पडला, चतुःसीमेत उत्तरेची दक्षिण झाली, बापाच्या नावात काना राहिला, तर माणसं रडत यायची की आमची जमीन गेली. काही जात नाही, दोन्ही बाजू तयार असतील तर चूक दुरुस्ती लेख करून नोंदवायचा, झालं. स्टॅम्प कमी पडला तरी दस्त मरत नाही, मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचं, राहिलेली ड्युटी आणि महिन्याला २ टक्के दंड भरायचा, मग तो पुराव्यात वाचता येतो. सही झाल्यापासून ४ महिन्यांत नोंदणीला आणायचं, राहून गेलं तर आणखी ४ महिने दंड भरून मिळतात. हां, आपल्या महाराष्ट्रात विकत घेतलेला स्टॅम्प पेपर ६ महिन्यांत वापरला नाही तर तो बाद, म्हणून कोणी जुन्या तारखेचा स्टॅम्प काढून दिला तर हातात घेऊ नका, जुना स्टॅम्प काढणारा माणूस बहुतेक वेळा जुन्या तारखेची गोष्ट बनवत असतो.

ज्यावर इलाज नाही ते वेगळं. देणाराच मालक नाही. देणारा शुद्धीवर नव्हता. मुखत्यारपत्र देणारा वारला आणि त्याच्या मुखत्याराने आठ दिवसांनी खरेदीखत करून दिलं, असा एक दस्त माझ्याकडे लिहायला आला होता, मी मृत्यूचा दाखला मागितला तर उठून दुसऱ्या टेबलावर गेले. पंचवीस वर्षं झाली पण ती बाई आठवते, नवऱ्याच्या तेराव्याच्या आधी जमीन गेली तिची. मेलेल्या माणसाचं मुखत्यारपत्र त्याच्याबरोबरच मरतं.

आजीच्या दस्ताची प्रमाणित नक्कल काढ बेटा, झेरॉक्सवर जाऊ नको. नकलेत शेवटची दोन पानं बघ. "निशाणी डावा अंगठा" याच्या शेजारी दस्तूर कोणाचा आहे, म्हणजे अंगठ्यापुढे तिचं नाव कोणी लिहिलं. "दस्त वाचून दाखवला, समजला, कबूल आहे" ही ओळ आहे का. ओळखदार कोण. बक्षीसपत्राला दोन साक्षीदार लागतातच, ते दोघे कोण, गावातले की नानांचे कामगार. अंगठेबहाद्दर माणसाला दस्त वाचून दाखवणं हे आमच्या धंद्यातलं पहिलं काम, मी तर अहिराणीत परत सांगायचो, कागदी मराठी म्हाताऱ्यांना कळत नाही. "बिनमोबदला बक्षीस" म्हटलं की त्यांना सरकारने काही बक्षीस दिलं असं वाटायचं, खरंच.

माहेर_चोपडा

मी वकील नाही पण हे वाचून राहवलं नाही.

माझ्या वडिलांनी वहीच्या फाडलेल्या पानावर मृत्युपत्र लिहिलं होतं, शाळेच्या दुरेघी वहीचं पान, निळ्या शाईत, स्टॅम्प नाही नोटरी नाही रजिस्टर नाही. भाऊ म्हणाला हा चिटोरा आहे, याला कोण विचारतं, आणि त्याच्याकडे जाड स्टॅम्पवरची टाइप केलेली हक्कसोड होती माझ्या सहीची, जी त्याने मंगळसूत्राच्या कार्यक्रमात घाईगडबडीत घेतलेली आणि नंतर कधी नोंदवलीच नाही. मला पण वाटायचं की त्याचाच कागद भारी. वकिलांनी दोन्ही समोर ठेवले आणि म्हणाल्या ताई, हे वहीचं पान खरं आहे. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. लागतं काय तर वडिलांची सही आणि दोन साक्षीदार, ज्यांनी त्यांना सही करताना बघितलं किंवा वडिलांनी ज्यांना सांगितलं की ही माझी सही आहे, आणि मग त्या दोघांनी वडिलांसमोर सही केली. आमचे एक साक्षीदार गुरुजी तेव्हा हयात होते, ते काठी टेकत कोर्टात आले. मृत्युपत्र सिद्ध करायला साक्षीदार हयात असेल तर निदान एकाला तरी उभं करावंच लागतं, गुरुजी नसते तर काय झालं असतं देव जाणे.

तर भाऊ, कागद किती देखणा आहे ते बघू नकोस. आणि बहिणीला सोबत घेऊन जा, तिच्या नावाने तू परस्पर काही ठरवू नकोस. तिचा हिस्सा आहे, तिला विचार. आम्हाला कोणी विचारत नाही म्हणून तर हे होतं. महिलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही, आजीला पण मिळेल आणि बहिणीला पण.

सातपुडा_शहादा

थोडं विषयाबाहेर वाटेल पण मुळातच शून्य म्हणजे काय हे आमच्याकडे बघायला मिळतं.

आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकायला, गहाण द्यायला, पट्ट्याने द्यायला, अगदी बक्षीस द्यायलाही जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ ची आडकाठी आहे, कलेक्टरची आधी परवानगी पाहिजे आणि विक्रीसारख्या व्यवहाराला तर सरकारची पण मान्यता लागते. ही तरतूद ६ जुलै १९७४ पासूनची. तरी नंदुरबार शहाद्याकडे काय चालतं, तर नोटरी करून ९९ वर्षांचा करार, इसारपावती, कब्जापावती, मुखत्यारपत्र. नावं वेगवेगळी, काम एकच. माझ्या आजोबांनी असाच एक कागद करून दिला होता, पैसे घेतले होते हे आम्ही नाकारत नाही. पण कायदा म्हणतो की ही जमीन अशी जाऊच शकत नाही, दोघांची मर्जी असली तरी नाही, रजिस्टर केलं तरी नाही, शंभर साक्षीदार आणले तरी नाही. खोट सहीत नसते, खोट त्या व्यवहारातच असते. घेणाऱ्यानेही कष्टाचेच पैसे घातलेले असतात, त्याचंही वाईट वाटतं, पण घेण्याआधी सातबाऱ्यावरचा शेरा वाचायला काय होतं?

मुखत्यारपत्रावर जमीन "विकणाऱ्यांनी" सुप्रीम कोर्टाचा २०११ चा सूरज लॅम्पचा निकाल पण माहीत करून घ्यावा, मुखत्यारपत्र आणि सौदापावती देऊन मालकी जात नाही, रजिस्टर खरेदीखतच लागतं.

बोरीकाठ_पारोळा

सगळ्यांचे खूप आभार, खरंच रडू आलं वाचताना.

वकील साहेब, पेटीतला कागद परत काढून वाचला. शब्द असे आहेत: "सदर मिळकतीतील आमचा हक्क व हिस्सा या लेखान्वये आज रोजी कायमचा सोडून देत आहोत."

दस्तलेखक काका, नक्कल मिळाली. दोन्ही साक्षीदार नानांच्या ट्रॅक्टरवर काम करणारे आहेत. वाचून दाखवल्याची ओळ आहे, पण छापील मजकुरातच आहे. आजी म्हणते एका खोलीत फोटो काढला, मशीनवर अंगठा लावला, साहेबाने नाव विचारलं, मी सांगितलं, बस. वाचून कोणी दाखवलं नाही.

एक गोष्ट मनाला खाते. तो बांधाशेजारचा शेतकरी चांगला माणूस आहे, त्याने तिथे बोअर मारलीय. बहिणीने दावा केला तर त्याचं काय? आणि आईवर काही येईल का? ती दोन दिवसांपासून जेवत नाहीये, म्हणते मीच तुमचं वाटोळं केलं.

वकील_धुळे

आधी आईला सांगा की जेवा. तिच्यावर गुन्हा वगैरे काही येत नाही. नवरा गेलेली बाई, दवाखान्याचं देणं दारात, पुढे केलेल्या कागदावर तिने सही केली. कोर्टही हे समजून घेतं. तिचा स्वतःचा चौथा हिस्सा तिने विकला तो विकलाच, तो व्यवहार पक्का आहे.

शेतकऱ्याचं म्हणाल तर बहिणीच्या हिश्श्यापुरता दस्त रद्द करताना तिच्या वाट्याला आलेल्या किमतीची रक्कम परत द्यायला कोर्ट सांगू शकतं, तशी तरतूद विनिर्दिष्ट अनुतोष कायद्यात आहे. दाव्याआधी त्याला भेटा, खरं सांगा. चांगला माणूस असेल तर तो बहिणीला आजच्या भावाने रक्कम देऊन तिच्याकडून रजिस्टर कन्फर्मेशन (विक्री मान्य असल्याचा दस्त) घेईल आणि बोअरही वाचेल. पण ही बोलणी डिसेंबराच्या पलीकडे लांबवू देऊ नका. बोलणी चालू होती म्हणून मुदत थांबत नाही. समझोता नाही झाला तर वाढदिवसाच्या आधी दावा दाखल झालाच पाहिजे.

हक्कसोडीचे शब्द तुमच्या बाजूचे आहेत. "या लेखान्वये आज रोजी" म्हणजे हक्क सोडायचं काम तो कागदच करतोय, याद नाही. नोंदणी नाही म्हणून तो मिळकतीपुरता निकामी. ६ एकरांसाठी वाटपाचा दावा लावायचा आणि त्यात आत्यालाही पक्षकार करायचं, मुलगी म्हणून तिचाही हिस्सा आहे, ती राहिली तर दाव्यातच खोट राहील.

आता आजी. १९६८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, निंगव्वा विरुद्ध बायरप्पा. त्यात फरक केलाय तो असा: कागद कशाचा आहे हे माहीत होतं पण आतल्या मजकुरात फसवलं, तर तो रद्द करण्याजोगा. कागद कशाचा आहे हेच खोटं सांगितलं, कर्जाचा सांगून बक्षीसपत्रावर अंगठा घेतला, तर संमतीच नाही, तो मुळातच शून्य. आजींचं म्हणणं दुसऱ्या प्रकारात बसतं. तरी दावा मात्र कळल्यापासून ३ वर्षांच्या आत लावा, कोर्टाने उद्या पहिल्या प्रकारात धरलं तर मुदतीचा वाद राहायला नको. आणि सोपं समजू नका, रजिस्टर दस्त खरा आहे असंच कोर्ट आधी धरून चालतं, तुम्हाला ते मोडून काढायचंय. पण ज्याच्या भरवशावर निरक्षर म्हातारी जगते त्याच माणसाने तिच्याकडून सगळा हिस्सा फुकट लिहून घेतला आणि साक्षीदारही त्याचेच नोकर, तेव्हा व्यवहार स्वच्छ होता हे दाखवायचं ओझं त्याच्याकडे सरकतं.

दावा आजींच्याच नावाने, त्यांच्याच अंगठ्याने लावा. तुमच्या तोंडून ही ऐकीव गोष्ट होते. वय बघता त्यांची साक्ष लवकर किंवा घरी कमिशनवर (कोर्टाने नेमलेल्या माणसासमोर) नोंदवायचा अर्ज पहिल्याच तारखेला द्या. आणि दाव्यावर अंगठा घेताना वाचून दाखवा, अहिराणीत, आणि तसं त्यावर लिहा.

बोरीकाठ_पारोळा

आई जेवली काल. तुमचं लिहिलेलं तिला वाचून दाखवलं.

बहिणीशी बोललो, ती जळगावला हॉस्टेलवर आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली दावा नको आधी काकांना (शेतकरी) भेटू, पण मी स्वतः बोलेन, तू मधे बोलू नकोस. शनिवारी येतेय, शाळा सोडल्याचा दाखला सोबत आणतेय जन्मतारखेसाठी. आत्यालाही फोन झाला, ती बराच वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली मला एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणी विचारलं.

आजीला विचारलं की कोर्टात नानांसमोर बोलावं लागेल, जमेल का, पोटचा मुलगा आहे तो. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "आंगठा मन्हा शे, मीच सांगसू." सोमवारी ९ च्या एसटीने विधी सेवावाल्यांकडे निघतोय, ती खिडकीजवळची सीट मागतेय.